दंतरोपण, चर्वणाचा भार आणि अस्थिधातू

प्रस्तावना

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभा करण्याची दंतरोपण ही चिकित्सा आता मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही ती होऊ लागली आहे. साहजिकच मधुमेह, आमवात, अम्लपित्त अशा व्याधींसाठी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या तोंडात असे एक-दोन दात असतात. पथ्यापथ्य समजून घेताना असा रुग्ण हमखास विचारतो, "त्या बाजूने चावावे की नाही?" चावल्याने हाड झिजते आणि स्क्रू सुटतो, असे त्याला कोणी सांगितलेले असते. दुसऱ्या कोणी नेमके उलट सांगितलेले असते की, जितके चावाल तितके हाड बळकट होईल. हे दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत आणि म्हणूनच धोक्याचे आहेत.

दंतरोपण करणे हे दंतशल्यविशारदांचे काम आहे. त्यात वैद्यांनी हात घालण्याचे कारण नाही. परंतु आहार सांगणे हे वैद्याचे नित्याचे कर्तव्य आहे आणि आहाराचा प्रत्येक घास हा त्या इम्प्लांटवर पडणारा भारच असतो. म्हणून चर्वणाचा भार आणि इम्प्लांटच्या सभोवतालचे हाड यांचा संबंध आपण जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो संबंध यथाशक्ती उलगडून दाखवणार आहोत. विवेचनाचे सूत्र असे : भार हा स्वभावतः हाडाचा शत्रू नाही. तो कोणत्या काळी, किती मात्रेत, कोणत्या दिशेने आणि हिरडीच्या कोणत्या अवस्थेत पडतो, यावर हाड वाढेल, टिकेल की झिजेल हे ठरते.

हाड आणि टायटॅनियम यांची जुळणी

या विषयाचा आरंभ स्वीडनमध्ये झाला. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सन १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक सूक्ष्म कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू लागले, तेव्हा ती हाडाशी इतकी घट्ट जुळलेली आढळली की, ती सोडवता येईना. या निरीक्षणाचा पाठपुरावा त्यांनी पुढे गोथेनबर्ग येथे केला आणि सन १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट्स बसवले. ते त्या रुग्णाला सन २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, उपयोगी पडले. सन १९७७ मध्ये ब्रोनेमार्क व सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि सन १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ही चिकित्सा जगभर मान्य झाली. मध्ये कोणताही तंतुमय पडदा न येता जिवंत हाड धातूला थेट भिडते, या अवस्थेला 'ऑसिओइंटिग्रेशन' म्हणतात. आपण तिला अस्थिसंधान म्हणू.

भाराचा सारा विचार या थेट जुळणीपासूनच सुरू होतो. कारण नैसर्गिक दात हाडाला असा थेट जुळलेला नसतो.

दात आणि इम्प्लांट : मूलभूत भेद

सुश्रुताचार्यांनी दातांची गणना रुचक अस्थींमध्ये केली आहे. तथापि दात जबड्यात पक्का रुतलेला नसून तंतूंनी टांगलेला असतो. दाताचे मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. चावताना दात या पडद्यात किंचित दबतो. निरोगी दात उभ्या दाबाखाली साधारण २५ ते १०० मायक्रॉन हलतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) दाब ओसरला की तो पूर्ववत होतो. हा पडदा जणू गाडीच्या स्प्रिंगचे काम करतो आणि आघात हाडावर पसरवून देतो.

इम्प्लांटला असा पडदा नाही. तेवढ्याच भाराखाली ते ३ ते ५ मायक्रॉनच हलते, तेही हाडाच्या स्वतःच्या लवचिकतेमुळे. परिणामी तिरका भार आला की तो मुळाच्या संपूर्ण लांबीवर वाटला जात नाही. तो हिरडीलगतच्या कड्याशी, म्हणजे इम्प्लांटच्या मानेभोवतीच्या टणक हाडात, एकवटतो. शिवाय टायटॅनियम हे टणक हाडाच्या कैक पट ताठ असते. ताठ वस्तू आणि तुलनेने लवचीक वस्तू एकमेकींना जखडल्या की, जेथे त्या प्रथम भेटतात तेथेच ताण सर्वाधिक राहतो. क्ष-किरण चित्रात हाडाची झीज प्रथम मानेभोवती दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरा भेद संवेदनेचा आहे. दाताच्या पडद्यात स्पर्श व दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. घासात खडा आला की क्षणार्धात जबडा थांबतो, तो त्यांच्यामुळेच. इम्प्लांटला हा पहारेकरी नाही. सन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाब जाणवण्यासाठी नैसर्गिक दाताला सरासरी ११.५ ग्रॅम, तर इम्प्लांटला सुमारे १०० ग्रॅम भार लागला, म्हणजे जवळजवळ नऊपट. हाड, स्नायू व जबड्याचा सांधा यांमधून थोडी जाणीव मिळते आणि सरावाने ती सुधारते, हे खरे. पण ती दाताच्या बरोबरीची नसते. तात्पर्य असे की, जास्त भार पडत असला तरी रुग्णाला ते कळेलच असे नाही. "दुखत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे," हा निष्कर्ष दाताच्या बाबतीतही शंकास्पद असतो, इम्प्लांटच्या बाबतीत तर तो सर्वस्वी अविश्वसनीय होय.

हाडाला भार कसा कळतो

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. ते अखंड मोडत आणि घडत असते. बर्लिन येथील शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी सन १८९२ मध्ये आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले की, हाडावर ज्या प्रकारे भार पडतो त्यानुसार त्याची अंतर्रचना बदलते. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी या विचाराला मोजमापाची जोड दिली आणि सन १९८७ मध्ये 'मेकॅनोस्टॅट' ही संकल्पना मांडली. विजेच्या इस्त्रीतील थर्मोस्टॅट ज्याप्रमाणे उष्णता ठरावीक मर्यादेत राखतो, त्याप्रमाणे हाड आपल्यात होणारा आकारबदल ठरावीक मर्यादेत राखू पाहते, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आकारबदल 'मायक्रोस्ट्रेन' या एककात मोजतात. एक सेंटिमीटर लांबीचे हाड भाराने दहा मायक्रॉनने आखडले, तर तो १००० मायक्रोस्ट्रेनचा बदल होय. फ्रॉस्ट यांच्या मांडणीनुसार आकारबदल सुमारे ५० ते १०० मायक्रोस्ट्रेनच्याही खाली राहिला, तर शरीर त्या हाडाला अनावश्यक समजते आणि ते घटू लागते. तेथपासून सुमारे १५०० पर्यंत घडणे आणि मोडणे समतोल राहते. १५०० ते ३००० या टप्प्यात हाड नवा थर घालून स्वतःला मजबूत करते. ३००० च्या पुढे सूक्ष्म भेगा पडू लागतात आणि त्या वारंवार पडल्या तर दुरुस्ती मागे पडून झीज पुढे जाते. २५,००० च्या सुमारास हाड मोडते. हे आकडे मुख्यत्वे हातापायांच्या लांब हाडांवरून आले आहेत. जबड्यासाठी ते तंतोतंत धरू नयेत, परंतु क्रम तोच आहे.

हा बोध हाडाला कोण करून देते? हाडातील पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी, ज्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात, टणक हाडाच्या आत बंदिस्त असतात आणि सूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. भार पडला की या नलिकांतील द्रव हलतो. त्या हालचालीने पेशी जागृत होतात आणि 'स्क्लेरोस्टिन' हे हाडाची निर्मिती रोखणारे प्रथिन कमी प्रमाणात सोडतात. प्रतिबंध सैल झाला की नवे हाड घडू लागते. भार थांबला की स्क्लेरोस्टिन वाढते आणि निर्मिती मंदावते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, द्रव हलतो तो भार बदलत राहिला तर. एकसारखा स्थिर दाब हाडाला फारसे काही सांगत नाही. चढत-उतरत राहणारा दाब सांगतो, आणि चर्वण नेमके तसेच असते.

भाराच्या अभावी काय होते, याचे उदाहरण दात काढलेल्या प्रत्येक जबड्यात दिसते. डेन्मार्कमधील सन २००३ च्या एका अभ्यासात दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर बारा महिन्यांत त्या जागची हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली आढळली, आणि त्यातील दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. दातच नाही, तर दाताचे हाड कशाला राखावे, असा हा शरीराचा हिशेब आहे. म्हणून नीट जुळलेल्या इम्प्लांटवर योग्य भार पडणे हे हाडाच्या हिताचेच असते. स्वीडनमधील सन २००५ च्या कुत्र्यांवरील एका प्रयोगात, चर्वणाचा भार पडलेल्या इम्प्लांट्सभोवती हाड व धातू यांचा प्रत्यक्ष संपर्क बिनभाराच्या इम्प्लांट्सपेक्षा अधिक आढळला. त्यामुळे "नव्या दाताने आयुष्यभर चावूच नका," हा सल्ला शास्त्राला धरून नाही.

काळ : भार केव्हा द्यावा

येथे भग्नचिकित्सेची आठवण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभग्नाच्या बंधनाविषयी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी की, बंधन अतिशिथिल असेल तर संधान स्थिर होत नाही आणि अतिगाढ असेल तर शोफ, वेदना व पाक होतो. म्हणून ते साधारण असावे. दुसरी अशी की, तरुण वयात एका महिन्यात संधान स्थिर होते, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो. ग्रंथकारांपुढे टायटॅनियम नव्हते आणि त्यांच्या वचनांत दंतरोपण शोधणे योग्य होणार नाही. परंतु हाड जुळून येण्यास स्थैर्य आणि काळ या दोहोंची गरज असते, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

इम्प्लांट बसवताना ते हाडात स्क्रूप्रमाणे घट्ट बसते. हे स्थैर्य केवळ यांत्रिक असते. त्यानंतर भोवतालचे दुखावलेले जुने हाड शोषले जाते आणि नवे हाड तयार होऊ लागते. जुने गेले आहे आणि नवे अद्याप पुरेसे आलेले नाही, असा एक नाजूक काळ मध्ये येतो. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास एकूण स्थैर्य सर्वांत कमी असते. या काळात इम्प्लांट हाडाच्या तुलनेत सुमारे ५० ते १५० मायक्रॉनपेक्षा अधिक हलत राहिले, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. भग्नस्थान हलत राहिले तर जसा खोटा सांधा बनतो, तसाच हा प्रकार आहे.

म्हणूनच ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत इम्प्लांट हिरडीखाली झाकून, खालच्या जबड्यात सुमारे तीन व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने भाररहित ठेवले जाई. वरच्या जबड्याचे हाड अधिक सच्छिद्र असल्याने त्याला जास्त अवधी दिला जाई. पुढे इम्प्लांटच्या पृष्ठभागाची रचना सुधारली आणि हा अवधी कमी होत गेला. सन २००८ च्या तज्ज्ञ परिषदेत ठरलेल्या व्याख्येनुसार पहिल्या आठवड्यातच दात बसवला तर तो तात्काळ भार, एक आठवडा ते दोन महिन्यांत बसवला तर लवकर भार आणि दोन महिन्यांनंतर बसवला तर प्रचलित भार समजला जातो. योग्य रुग्ण निवडला, आरंभीचे स्थैर्य उत्तम असले आणि अनेक इम्प्लांट्स एकत्र बांधून घेतले, तर तात्काळ भारही यशस्वी होतो. तेथे निर्णायक ठरते ती सूक्ष्म हालचाल. कॅलेंडरवरचे दिवस त्या मानाने दुय्यम. एखाद्या रुग्णास दुसऱ्याच दिवशी दात बसवून मिळाला आणि दुसऱ्यास चार महिने थांबावे लागले, तर एका डॉक्टरचे चुकले असे वैद्यांनी परस्पर ठरवू नये. हाडाचा दर्जा व स्थैर्य पाहून घेतलेले ते निर्णय असतात.

मात्रा आणि दिशा

दात उभ्या भारासाठी घडलेला आहे, आणि इम्प्लांटही उभा भार चांगला सोसते. अडचण येते ती तिरक्या भाराची. हातपंपाचा दांडा जितका लांब, तितके पाणी उपसणे सोपे, हे आपण जाणतो. तेच तत्त्व येथे उलट बाजूने काम करते. इम्प्लांटच्या अक्षापासून भार जितका दूर पडेल, तितका मानेभोवती वाकवणारा जोर वाढतो. हिरडीवर फार उंच आलेला कृत्रिम दात, मागे आधाराविना पुढे काढलेली दाढ, फार रुंद चावण्याचा पृष्ठभाग आणि दातांची उंच उतरण, या सर्वांनी हा जोर वाढतो. याची योजना करणे दंतवैद्याच्या हाती आहे.

रुग्णाच्या हाती आहे ती भाराची मात्रा. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्या रुग्णांत भार अनेकदा तिरका, दीर्घकाळ आणि अन्नाच्या उशीविना पडतो. अशांमध्ये कृत्रिम दाताचे पोर्सलिन तडकणे, जोडस्क्रू ढिला होणे किंवा तुटणे असे यांत्रिक बिघाड अधिक आढळतात. सुपारी फोडणे, ऊस सोलून खाणे, कडक चिक्की, वाळलेले खोबरे, दाताने बाटलीचे झाकण उघडणे या आपल्याकडच्या सवयीही याच वर्गात मोडतात. दंतरोग्याने अतिकठीण पदार्थ वर्ज्य करावेत, हा सुश्रुतोक्त नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

अतिभाराने हाड झिजते काय?

या प्रश्नावर दंतशास्त्रात बराच वाद झाला आहे आणि त्यातील प्रयोग वैद्यांनी जाणण्यासारखे आहेत.

डेन्मार्कमधील फ्लेमिंग इसिडोर यांनी सन १९९६ मध्ये चार माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही इम्प्लांट्सवर मुद्दाम उंच व तिरका भार देणारे दात बसवले, तर काहींभोवती धागा बांधून जंतूंचा थर साचू दिला. अतिभार दिलेल्या आठ इम्प्लांट्सपैकी पाचांचे अस्थिसंधान पूर्णपणे सुटले. जंतुथर साचलेल्यांपैकी एकही सुटले नाही, परंतु त्यांच्या मानेभोवतीचे हाड झिजत गेले. बेल्जियममधील जोके डुइक व सहकाऱ्यांनी सन २००१ मध्ये सशांच्या हाडात इम्प्लांट्स बसवून स्थिर भार आणि वारंवार बदलणारा अतिभार यांची तुलना केली. बदलत्या अतिभाराने मानेभोवती खड्ड्यासारखी झीज झाली; स्थिर भाराने तशी झाली नाही.

याउलट सन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिसा हाइट्स-मेफिल्ड व सहकाऱ्यांच्या प्रयोगात सहा कुत्र्यांतील ४५ इम्प्लांट्सचा अभ्यास झाला. हिरडी स्वच्छ व निरोगी ठेवून आठ महिने उंच दातांचा जादा भार दिला, तरी बिनभाराच्या इम्प्लांट्सच्या तुलनेत हाडाची अधिक झीज आढळली नाही. सन २००७ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी कुत्र्यांवरच केलेल्या प्रयोगाने या विरोधाचा उलगडा होण्यास मदत झाली. हिरडी निरोगी असताना जादा भाराने हाडाचा संपर्क किंचित वाढला. परंतु जंतुथराने हिरडी सुजलेली असताना तोच भार दिला, तेव्हा झीज वाढली.

सन २०१७ च्या जागतिक परिषदेने इम्प्लांटभोवतीच्या रोगांचे नवे वर्गीकरण केले. त्यात हिरडीची सूज व हाडाची झीज घडवणारा 'पेरि-इम्प्लांटायटिस' हा व्याधी जंतुथराशी निगडित मानला आहे. केवळ चर्वणाच्या अतिभाराने तो सुरू होतो, यास पुरेसा पुरावा नाही असेही तेथे नमूद झाले. सारांश असा की, मानवामध्ये इम्प्लांटभोवतीचे हाड नष्ट करणारा मुख्य शत्रू जंतुथर हा आहे. अतीव आणि तिरका भार इम्प्लांटचे संधान मोडू शकतो, यांत्रिक भाग मोडतो आणि आधीच सुजलेल्या जागी नाश वाढवू शकतो. मात्र स्वच्छ हिरडी, जुळलेले हाड आणि मर्यादित भार एकत्र असतील, तर हाड तो भार पेलते.

आयुर्वेदाच्या परिभाषेत पाहू जाता, चरकसंहितेत अस्थिवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे म्हणून अतिव्यायाम, अतिसंक्षोभ, अस्थींचे अतिविघट्टन आणि वातकर आहार सांगितला आहे. यांतील काही कारणांत दोष 'अति' या शब्दात आहे. आगंतु कारणाने बिघडलेल्या स्थानी पुढे निज दोष आश्रय घेतात आणि निज दोषांनी दुर्बल झालेले स्थान आगंतु आघात सोसू शकत नाही, हाही विचार आपल्या परिचयाचा आहे. भार आणि शोथ यांचे उपर्युक्त नाते समजण्यास तो उपयोगी पडावा. मात्र अशा साम्यावरून इम्प्लांटच्या व्याधीवर कोणता कल्प लागू पडतो, हे सिद्ध होत नाही, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

चलदंत आणि हलणारे इम्प्लांट

व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. नैसर्गिक दात हलू लागला तर तो पडद्याच्या सुजेमुळे हलत असेल आणि सूज उतरल्यावर पुन्हा बऱ्यापैकी स्थिर होऊ शकेल. त्यामुळे चलदंतासाठी गंडूष, प्रतिसारण आणि मृदू आहार देऊन वाट पाहण्याची आपली प्रथा आहे. इम्प्लांटच्या बाबतीत ही वाट पाहणे घातक आहे.

इम्प्लांटवरील दात हलतो, तेव्हा दोन शक्यता असतात. एक अशी की, इम्प्लांट घट्ट आहे, परंतु त्यावरील कॅप किंवा तिला धरणारा लहान जोडस्क्रू ढिला झाला आहे. हा बिघाड बहुधा थोड्या वेळात दुरुस्त होतो. मात्र तशाच ढिल्या दाताने रुग्ण चावत राहिला तर जोडस्क्रू वाकतो, तुटतो आणि फटीत जंतू साचतात. दुसरी शक्यता अशी की, इम्प्लांटच हाडात हलत आहे. तसे असेल तर संधान सुटलेले आहे आणि ते बहुधा काढावे लागते. वाट पाहण्यात सभोवतालचे उरलेसुरले हाड नष्ट होते आणि दुसऱ्या प्रयत्नाची संधी कमी होते. या दोहोंतील भेद बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणून "नवा दात हलतो" असे रुग्ण म्हणाला, तर त्याच दिवशी त्याला दंतवैद्याकडे पाठवावे. अस्थिशृंखला, लाक्षा अथवा गुग्गुळाच्या कल्पांनी सुटलेले इम्प्लांट पुन्हा घट्ट होईल, असे आश्वासन कोणत्याही वैद्याने देऊ नये. त्या आश्वासनाची किंमत रुग्ण आपल्या जबड्याच्या हाडाने चुकवतो.

वैद्यांसाठी व्यावहारिक सूचना

१. रुग्णपत्रकात दंतरोपणाची नोंद करावी. ते केव्हा झाले, त्यावर दात बसला आहे की नाही आणि धूम्रपान, मिश्री, तंबाखू यांची सवय आहे काय, हे विचारावे.

२. दात बसण्यापूर्वीच्या काळात दंतवैद्याने सांगितलेला मृदू आहार मोडू देऊ नये. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, शिजवलेल्या भाज्या, दुधात भिजवलेली पोळी असा आहार पुरतो. बळ यावे म्हणून या काळात कडक लाडू, फुटाणे, शेंगदाणे सुचवू नयेत.

३. संधान पूर्ण होऊन दंतवैद्याने परवानगी दिल्यावर दोन्ही बाजूंनी सावकाश चावण्यास सांगावे. भाकरी, उसळी, कोशिंबीर हा नेहमीचा आहार वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते दाताने फोडणे, सोलणे आणि ओढणे.

४. गंडूष व कवल जरूर करावेत, परंतु ते ब्रशची जागा घेऊ शकत नाहीत. जंतुथर चिकट असतो व तो घासूनच निघतो. मऊ ब्रश आणि दातांच्या फटींसाठीचा लहान ब्रश रोज वापरावा. इम्प्लांटच्या मानेवर खरखरीत मंजन व मिश्री घासू देऊ नये. दंतकाष्ठ चावून कुंचला करायचा असल्यास तो नैसर्गिक दातांनी करावा.

५. हिरडीतून रक्त येणे, पू येणे, दुर्गंधी ही लक्षणे वेदना नसली तरी गंभीर समजावीत. मधुमेही रुग्णात ती आढळल्यास रक्तशर्करा तपासावी आणि दंतवैद्याकडे पाठवावे.

६. अस्थिसौषिर्यासाठी किंवा कर्करोगासाठी अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब यांसारखी औषधे चालू आहेत काय, हे अवश्य विचारावे. या वर्गातील औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होण्याच्या घटना सन २००३ पासून वैद्यकसाहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. असा रुग्ण दंतरोपण करू इच्छित असेल, तर ही माहिती दंतवैद्यापर्यंत पोहोचली पाहिजे. ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

७. सकाळी जबडा दुखणे, कानशिलाचे स्नायू ताठ होणे, दातांची टोके सपाट होणे ही झोपेत दात खाण्याची चिन्हे आहेत. निद्रा, मानसिक ताण व वातप्रकोप यांची चिकित्सा आपण करावी. दातांवर रात्री घालायचे आवरण दंतवैद्य देतील. ही दोन्ही कामे एकमेकांस पूरक आहेत.

८. वार्षिक क्ष-किरण तपासणी टाळू देऊ नये. सन १९८६ मध्ये टोमास आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी सुचवलेल्या निकषानुसार पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. एवढा सूक्ष्म बदल रुग्णाला जाणवत नाही आणि एका वर्षाच्या चित्रातही तो नेमका ओळखणे कठीण असते. अनेक वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, तरच तो दिसतो. म्हणून दात बसवल्या दिवशीचे चित्र रुग्णाने जपून ठेवावे.

समारोप

"चावावे की नाही?" या प्रश्नाला वैद्याने द्यावयाचे उत्तर आता स्पष्ट झाले असावे. हाड जुळेपर्यंत सांभाळावे. जुळल्यावर मर्यादेत अवश्य चावावे. कठीण वस्तू फोडू नयेत. हिरडी रोज स्वच्छ ठेवावी. आणि दात हलला तर एक दिवसही थांबू नये. हे पाच नियम रुग्णाला सोप्या शब्दांत सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. दंतवैद्याची भेट वर्षातून एखाद्या वेळी होते; आपल्याकडे तोच रुग्ण महिन्याला येतो. त्याच्या जबड्यातील हाडाची राखण करण्याची संधी त्यामुळे आपल्याला अधिक वेळा मिळते. आहारविधी सांगताना वैद्यबंधू-भगिनींनी तिचा उपयोग करून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.